वेताळाचा रिकामा फेरा

माझी पहिलीच टाळी चुकली.

नाशकातल्या शाळेत लागून चार-सहा महिने झाले होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात गाण्याची बैठक होती आणि शाळेतल्या एका शिक्षकांनी आपला पास मला दिला होता, कारण त्यांना सासुरवाडीला जायचं होतं. गाणारे बुवा मध्येच थांबले. मला वाटलं, संपलं. मी दणकून टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच. बुवा नुसते श्वास घ्यायला थांबले होते. पुढच्या गाद्यांवरच्या चार-पाच माना वळल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या अंबाड्याच्या बाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि त्या हसल्या. वर्गातल्या मठ्ठ पोराकडे बघून मी हसतो, अगदी तसंच.

त्या बाई म्हणजे शहरातल्या एका रसिक मंडळाच्या अध्यक्ष. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. मध्यंतरात त्या आपणहून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "नवीन दिसता. या ना आमच्यात. ऐकून ऐकून कान तयार होतात." मला ते फार मोठं वाटलं. आज वाटतं, त्याच मध्यंतरात चपला शोधून घरी गेलो असतो तर आमचा वेताळ अजून नाचत असता.

वेताळाचं आधी सांगायला हवं. माझं गाव हरसूलच्या पुढं, डोंगरात. घरी भात, नागली, वरई. आश्रमशाळेत शिकलो, डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, बाहेरून बी.ए. करून नाशकातल्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो. गावात आमच्या घराकडं एकच मान, बोहाड्यातल्या वेताळाचा. बोहाडा म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला गावानं देवांची सोंगं नाचवायची. गणपती येतो, सारजा म्हणजे सरस्वती येते, भैरोबा येतो, रावण येतो. ज्या घराकडं जे सोंग असेल ते त्याच घरानं नाचवायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. शहरात सोंग म्हणजे ढोंग. आमच्याकडं सोंग म्हणजे देव. मराठीचा मास्तर असून हा फरक मला वेळेवर आठवला नाही.

आमचा वेताळ पांगाऱ्याच्या लाकडाचा, माझ्या आजोबानं कोरलेला. डोळे बाहेर आलेले, दात मोठे, जीभ लाल. शिमग्याच्या आधी माझे वडील त्याला कोमट पाण्यानं धुवायचे, जुना रंग उतरवायचे आणि गेरू, चुना, काजळीनं नवा करायचे. 'वडील', 'धुवायचे' हे मी शहरात बोलतो तसं लिहिलं. घरी तो आमचा बा. सोंग तोंडावर बांधलं की बा बा उरत नसे. आईसुद्धा त्या वेळी त्याला हाक मारत नसे. आता त्याचे गुडघे दुखायला लागले होते. एक-दोन वर्षं आपण नाचू आणि मग वेताळ मास्तरच्या तोंडाला बांधू, असं त्याच्या मनात होतं. मास्तर म्हणजे मी. मला नोकरी लागल्यापासून बानं मला नावानं हाक मारणं सोडून दिलं होतं.

आणि मास्तर तिकडं नाशकात कान तयार करत बसला होता.

सात-आठ वर्षं मी मंडळाच्या मागं मागं हिंडलो. नाटक पाहून बाहेर आल्यावर लगेच 'आवडलं' म्हणायचं नसतं, आधी 'दुसरा अंक जरा पसरट झाला' म्हणायचं असतं, हे मी तिथं शिकलो. चित्रांच्या प्रदर्शनात तीन पावलं मागं जायचं, मान तिरकी करायची, मग एक पाऊल पुढं यायचं आणि 'हं' म्हणायचं. गोदाकाठी उन्हाळ्यात व्याख्यानं असायची. तिथं सतरंजीवर डास चावत असले तरी पायाला खाजवायचं नाही. दिवाळीतल्या पहाटेच्या गाण्याला तर अंगाला उटण्याचा वास यावा लागे. माझ्या घराण्यात उटणं कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाकीट आणून, चोळून, कुडकुडत जाऊन बसायचो. गाण्यात समेवर दाद कुठं द्यायची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मॅडमची मान हलली की मी हलवायचो, त्यामुळं माझी दाद कायम अर्धा क्षण उशिरा पडायची.

सगळंच खोटं होतं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. एकदा एका वयस्कर बाईंचं सकाळचं गाणं ऐकताना मला रडू आलं. का आलं ते सांगता येत नाही. ते रडणं माझं स्वतःचं होतं, मॅडमकडे बघून आणलेलं नव्हतं. पण ते लपवायला मी रुमालानं नाक शिंकरलं आणि शेजारच्या गृहस्थांनी कपाळाला आठी घातली.

बायको माझ्याबरोबर दोनदा आली, तिसऱ्यांदा नको म्हणाली. ती पेठकडची, आमच्यासारखीच डोंगरातली. "तिथं बसून माझी कंबर धरती," ती म्हणाली. "आन् तुम्ही तरी गाणं कुठं ऐकता? त्या बाईंच्या मानंकडंच बघत बसता." मला राग आला, कारण बोलणं खरं होतं.

मग ती सिन्नरची सहल झाली. मंडळ दरवर्षी हिवाळ्यात एक सहल काढायचं, त्या वर्षी सिन्नरचं जुनं दगडी देऊळ पाहायला गेलो. मॅडम एकेक मूर्ती समजावून सांगत होत्या. मूर्ती फार सुंदर, पण कुणाला नाक नाही, कुणाला हात नाही. मी सहज बोलून गेलो, "आमच्याकडं खंडित देव ठेवत नाहीत. नदीत सोडतात."

"आमच्याकडं म्हणजे कुठं हो सर?"

"हरसूलकडं. डोंगरात."

"म्हणजे तुम्ही त्या... आदिवासी समाजातले?" एका काकूंनी आवाज खाली आणून विचारलं. मी हो म्हणालो. त्या मनापासून उद्गारल्या, "अय्या! वाटत नाही हो!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आपल्या परीनं माझा सत्कारच केला. सात वर्षं उटणं चोळल्याचं ते प्रमाणपत्र होतं. मी काय करायला हवं होतं हे आज मला नीट माहीत आहे, त्यावर मी रात्रंदिवस बोलू शकतो. त्या दिवशी मी नुसता हसलो आणि मला बरं वाटलं. हेच सांगायला जड जातं, की मला बरं वाटलं.

बसमध्ये परतताना मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. एरवी त्या पुढच्या सीटवर बसत. त्यांना बोहाड्याबद्दल ऐकायचं होतं. मी सांगत गेलो आणि आयुष्यात प्रथमच बसमधली चाळीस माणसं माझं ऐकत होती. नाशिक यायच्या आत ठरलं, की मंडळानं लोककलेचं प्रदर्शन भरवायचं. "सर, तुमच्या घरी मुखवटा असेलच ना?" मॅडमनी विचारलं.

मुखवटा. आमच्या वेताळाला हा शब्द कुणी लावलेला मी पहिल्यांदा ऐकला. आणि लगेच म्हणालो, "आहे ना. फार जुना मुखवटा आहे."

त्या वर्षी कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती. कुणी मला काही कबूल केलं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमच्यासारखी माणसं पुढं यायला हवीत," आणि मी मनात पुढं जाऊन बसलोही होतो. घरी सांगितलं तर बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यांना तुम्ही नको. वेताळ पायजे." मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

बाला विचारायला मी मुद्दाम गावी गेलो. म्हणालो, नाशकातली मोठी माणसं वेताळाला मान देणार आहेत. मान हा शब्द मी निवडून काढला होता. शहरात मान म्हणजे शाल आणि नारळ. बाच्या लेखी मान म्हणजे काय, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. बानं अंगणात बसून चिलीम पेटवली.

"वेताळ गाव सोडून कवा गेला नाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पर बोलावलंय तर जाया पायजे. मानाला नाय म्हणू नये."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बा एसटीनं आला. नव्या धोतरात गुंडाळलेला वेताळ त्यानं हरसूलपासून नाशकापर्यंत मांडीवर धरला होता. कंडक्टर म्हणाला, सामान वर टाका. बा म्हणाला, "सामान नाय ते, देव हाय." कंडक्टर त्र्यंबककडचाच होता. त्यानं गाठोड्याला हात लावून नमस्कार केला आणि बाला पुढची सीट दिली. हे बानं मला स्टँडवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. आमच्या फ्लॅटमध्ये देवाला जागा नव्हती. बानं स्वयंपाकाच्या ओट्यावर गॅसशेजारी वेताळाला बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि स्वतः जेवला नाही. बायकोनं आग्रह केला तर म्हणाला, "उद्या नाचायचं हाय. आज उपास."

मी ऐकलं. बाला वाटत होतं, वेताळाला नाचायला बोलावलंय. तेव्हाच सांगता आलं असतं. पण मी बाचं अंथरूण घालायला लागलो. वाटलं, उद्या बघू, काहीतरी होईल.

सकाळी वेताळाला स्कूटरवर घेऊन मी हॉलवर गेलो. बाला संध्याकाळी चार वाजता यायला सांगितलं. हॉलमध्ये मांडणी चालली होती. भिंतीवर खिळे ठोकलेले, पण वेताळ मागून खोलगट, एरवी कापडानं तोंडाला बांधायचा, खिळ्यावर राहीना. दोनदा घसरला, दोन्ही वेळा मी झेलला. मंडप घालणारा माणूस ड्रिल मशीन घेऊन उभा होता. मॅडम म्हणाल्या, "दोन बारीक भोकं पाडूया का वरती? तार ओवता येईल. लांबून दिसणारही नाहीत. चालेल ना सर?"

मराठीत 'चालेल' हा एक भयंकर शब्द आहे. त्यात हो नसतो आणि नाहीही नसतो. सिन्नरला खंडित देवाची गोष्ट ज्यानं सांगितली होती तो मीच. मॅडम ती विसरल्या असतील, त्यांना दोष कशाला देऊ? मला आठवत होती. मी म्हणालो, "चालेल."

मशीन सुरू झालं तेव्हा वेताळ मीच धरला होता. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, क्षणात भोकं पडली. भुसा माझ्या शर्टावर पडला, तो मी झटकला.

माझं अक्षर चांगलं म्हणून कार्डं लिहायचं काम माझ्याकडंच होतं. मॅडम सांगत होत्या, मी लिहीत होतो. वेताळाच्या कार्डावर लिहिलं: मुखवटा. लाकूड व नैसर्गिक रंग. हरसूल परिसर. "पुढं कलाकार अज्ञात असं टाका," मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, "माझ्या आजोबांनी केलाय." त्या म्हणाल्या, "हो, पण लोककलेत असंच लिहितात. ती सामूहिक असते ना." मला ते पटलं. निदान पटल्यासारखं झालं. मी वळणदार अक्षरात कलाकार अज्ञात असं लिहिलं आणि खाली एक छानशी रेघ ओढली.

चार वाजता बा आला. अंघोळ केलेली, धोतर पांढरं, कमरेला घुंगरांची पिशवी. दीपप्रज्वलन झालं, भाषणं झाली, पाहुण्यांनी लोककलेचा झरा आटतोय म्हणून हळहळ व्यक्त केली. बा खुर्चीच्या टोकावर बसून वेताळाकडं बघत होता. मध्येच माझ्याकडं वाकून म्हणाला, "मास्तर, ह्यो असा टांगलाय का?"

"सगळ्यांना दिसावा म्हणून."

"आन् नाचायचं कवा?"

मी म्हणालो, "आज नुसतं दर्शन आहे, बा." त्यानं मान हलवली. पिशवीतल्या घुंगरांचा आवाज होऊ नये म्हणून ती त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरली.

मग बाला पुढं बोलावून शाल दिली. नाव पुकारताना सूत्रसंचालक अडखळला, दुसरंच काहीतरी म्हणाला. टाळ्या झाल्या. शाल अंगावर घेऊन बा वेताळासमोर जाऊन उभा राहिला आणि कार्डावर बोट ठेवून मला विचारलं, "हितं काय लिवलंय?" बाला वाचता येत नव्हतं.

"हरसूलचा वेताळ, असं लिहिलंय."

"तुझ्या आज्याचं नाव टाकलंस?"

"हो," मी म्हणालो.

बाचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. त्यानं ते कार्ड मागून घेतलं. प्रदर्शन संपल्यावर मी ते काढून दिलं, धोतराच्या घडीत ठेवून तो गावी घेऊन गेला.

वेताळ मात्र मी मागं ठेवून घेतला. म्हटलं, मी स्वतः आणतो, नीट आणतो. सुताराकडून लाकडात भरायची लांबी आणली, भोकं बुजवली, गेरू कालवून वर रंग दिला. हात फिरवून पाहिला, काही कळत नव्हतं. मला माझ्या कामाचा अभिमानच वाटला. शिमग्याच्या आधी बा वेताळाला कोमट पाण्यानं धुतो, हे मी पार विसरलो होतो. लहानपणी ते पाणी मीच ओतायचो. माणूस स्वतःच्या घरातलं किती विसरू शकतो, याला सीमा नाही.

वेताळ गावी पोचवला. बानं ठेवून घेतला. नंतर निरोप नाही, काही नाही. मी समजलो, भागलं.

चैत्रात बोहाडा होता. मंडळानं त्या वर्षी आणखी एक सहल काढली, अर्थातच आमच्या गावाला. मिनीबस केली, सतरंज्या, थर्मास, डबे, बॅटऱ्या, कॅमेरे. मी पुढच्या सीटवर मॅडमच्या शेजारी. कार्यकारिणीत माझं नाव लागलं होतं. गावात उतरलो तेव्हा आई भेटली. ती पाहुण्यांना पाणी द्यायला धावली, माझ्याशी मात्र बोलली नाही. बा कुठं म्हणून विचारलं तर "असंल हितंच" एवढंच म्हणाली.

रात्रभर सोंगं येत गेली. गणपती आला, सारजा आली. मंडळी खूश होती, काकू टाळ्या वाजवत होत्या. आमच्यात देवाला टाळ्या वाजवत नाहीत, पण मी गप्प राहिलो. आता चुकीची टाळी दुसऱ्यांची होती. वेताळाची पाळी शेवटाकडं, भैरोबाच्या नंतर आणि देवीच्या आधी, तांबडं फुटायच्या सुमाराला. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: आता माझे वडील येतील, कॅमेरे तयार ठेवा.

सोंग पुकारणाऱ्यानं आरोळी दिली, "वेताळ आला रंऽ!"

संबळ वाजायला लागलं. मशाली धरणारे दोघं वेशीपाशी गेले आणि नेहमीसारखे वळून नाचाच्या चालीनं मागं मागं यायला लागले. त्यांच्या मधली जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेपुढं ते वाकत होते, बाजूला सरत होते, वेताळ अंगावर आला की मशालवाले जसे दचकून मागं सरतात तसे सरत होते. वेशीपासून देवळापर्यंत अख्खा फेरा तसाच चालला. गाव उभं राहिलं होतं. बायांनी डोक्यावर पदर घेतले.  सोंगाचा मान घराचा, तो दुसऱ्याला देता येत नाही आणि पुसूनही टाकता येत नाही, म्हणून गावानं तो असा रिकामा नाचवला. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मॅडम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मध्यंतर का सर?"

मी म्हणालो, "हो."

मग मंडळींनी डबे उघडले. थर्मासातला चहा कपात पडला, दशम्या आणि लसणाची चटणी निघाली. काकूंनी एक दशमी माझ्याही हातात दिली. समोर रिकामा वेताळ देवळाकडं चालला होता, आणि पलीकडच्या गर्दीत मला बा दिसला. अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, हात जोडून उभा. त्यानं आमच्या सतरंजीकडं एकदा पाहिलं. दशमी माझ्या हातात तशीच होती.

उजाडल्यावर मी घरी गेलो. बा ओसरीवर बसला होता. मी काही बोलायच्या आतच त्यानं आतून गाठोडं आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. सोडून पाहिलं. धुतलेलं नुसतं लाकूड, रंग नाही. कपाळावर दोन भोकं, आरपार.

"बा, माझं चुकलं," मी म्हणालो. "खंडित झालाय तर नदीत सोडूया. मी येतो बरोबर. नवा करू, मी शिकतो कोरायला."

"देव पडला, झडला, तडकला, तर नदीत सोडायचा," बा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ह्याला टांगाया भोकं पाडल्यात. तर टांग. घे मास्तर, तुझा मुखवटा."

हा शब्द तो प्रदर्शनातच शिकला असणार. त्याआधी बाच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता, आणि नंतरही ऐकला नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडमनी विचारलं, वडील का नाही आले नाचायला? मी म्हणालो, तब्येत बरी नाही. पुढच्या महिन्यात मी मंडळ सोडलं. फार तत्त्वानं सोडलं असं समजू नका. जाणं बंद केलं, एवढंच. त्यांनीही दोनदा निरोप पाठवला आणि मग सोडून दिलं. आता शहरात कलादालनं झालीत, महोत्सव होतात, तिकिटं फोनवर मिळतात. मुलगी बोलावते, मी जातो कधीकधी. टाळ्या सगळ्यांच्या नंतर वाजवतो.

वेताळ माझ्या हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर. मी टांगला नव्हता, बरीच वर्षं कपाटात ठेवला होता. फ्लॅटला रंग काढला तेव्हा मुलीनं काढून टांगला, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मलाही तो उतरवायला जमलं नाही. खिळ्याला तार लागते, तार भोकांतून जाते. बसलाय अगदी पक्का. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, काय पीस आहे!"

बा दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी गेला. तोवर दर चैत्रात वेताळाचा रिकामा फेरा होत होता, असं ऐकत होतो. मी गेलो नाही. बा गेल्यावर गावानं तो बंद केला. आता भैरोबा झाला की सरळ देवीला पुकारतात. थांबतही नाहीत.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आई घर आवरत होती. देवाच्या फळीवरून तिनं सगळे टाक खाली घेतले, पुसले, पुन्हा ठेवले. टाकांच्या मागं भिंतीला टेकवून एक कार्ड उभं होतं. कुंकवानं इतकं लाल झालेलं की अक्षरं शोधावी लागत होती, पण वळण माझंच होतं. खालची रेघसुद्धा.

आई म्हणाली, "दर पुनवंला बोट लावायचा त्याला. म्हणायचा, मास्तरनं वेताळाचं वाटुळं केलं, पर आज्याचं नाव लिवलं, तेवढं बरं केलं." मग तिनं कार्ड माझ्यापुढं धरलं. "वाच की रं. तुझ्या आज्याचंच नाव हाय ना ह्याच्यावर?"

मी हो म्हणालो.